वळवात मोडलेली लाकडी कयाक: आधी सुकवा, मग जोडा

वळवाच्या पावसात मोडलेली घरची लाकडी कयाक दुरुस्त करायला घेतली असेल, तर पहिले काही दिवस रेझिनचा डबा उघडूच नका. आपल्याकडे वळीव कोसळतो एप्रिल-मेमध्ये आणि मिरग निघतो जूनच्या ७-८ तारखेला. मधे हातात मोजके आठवडे उरतात, म्हणून माणूस घाई करतो. भोक दिसलं की त्यावर फायबरचं कापड चिकटवतो, वरून रंग ओढतो आणि मोकळा होतो. दिवाळीनंतर होडी पाण्यात घातली की नेमक्या त्याच जागी प्लायचे पदर सुटलेले असतात. भोक कुणालाही दिसतं. पदरांच्या मधे शिरलेलं पाणी दिसत नाही, आणि लाकडाची होडी खरी मरते ती त्या पाण्यानं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न मेकर आहे. फाउंड्रीत बीड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो करणं हा माझा धंदा. राहायला बेळगुंदीकडे. कयाक घरीच बांधली: साडेचौदा फूट लांब, ४ मिमी मरीन प्लाय, पट्ट्या तांब्याच्या तारेनं टाके घालून एकमेकींना जोडलेल्या, आतले कोपरे इपॉक्सीनं (हार्डनर कालवला की कडक होणाऱ्या रेझिननं) भरलेले आणि आतून-बाहेरून काचेचं कापड. या बांधणीत आत फासळ्या नसतात. प्लाय, काच आणि इपॉक्सी मिळून एकच कवच तयार होतं आणि सगळी ताकद त्या कवचातच असते. म्हणून दुरुस्तीही कवच पुन्हा अखंड करण्याची असते. वरून फळी ठोकून हे काम होत नाही.

पाऊस ओसरला की ती मलप्रभेत खानापूरजवळ, असोग्याच्या अंगाला, नाहीतर हिडकल धरणाच्या फुगवट्यात नेतो. यंदा मेमध्ये वाऱ्यानं शेडचा पत्रा उचलला आणि पाठोपाठ आंब्याची फांदी डेकवर आली. बसायच्या जागेमागे डेकला वीतभर भोक पडलं, डाव्या बाजूचा तळाशी असलेला सांधा दोन हात लांबीत उसवला, तळाला एक लांब तडा गेला आणि पुढच्या कप्प्यात रात्रभर पाणी साचून राहिलं. पुढचं सगळं या चार जखमांच्या अनुभवावर लिहितोय. तुमची होडी वेगळी असली तरी जखमा साधारण याच जातीच्या असतात.

फांदी काढताना

फांदी ओढू नका. ती आत घुसलेली असते आणि ओढताना धडधाकट प्लायही फाडून काढते. करवतीनं तुकडे करत वजन उतरवा आणि शेवटचा तुकडा सरळ वर उचला. लाकडाच्या ढलप्या एकूण एक गोळा करून पिशवीत ठेवा. पुढे ठिगळ कापताना मूळ प्लायचे रेषे कुठल्या दिशेनं होते आणि जाडी किती होती, ते त्या ढलप्यांवरूनच कळतं.

मग होडी रिकामी करून, कप्प्यांची झाकणं उघडून दोन घोड्यांवर (सुताराच्या लाकडी टेकूंवर) पालथी ठेवा. घोड्या आतल्या आडभिंतींच्या खाली यायला हव्यात, मधेच कुठेतरी नकोत. सांधा उसवलेली होडी स्वतःच्या वजनानं पीळ खाते, आणि पीळ खाल्लेल्या अवस्थेत जोडली तर ती कायम एका अंगाला वळत राहते. पीळ बघायला दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पुढे आणि एक मागे, होडीला काटकोनात आडव्या ठेवा. एक डोळा मिटून पुढच्या पट्टीच्या कडेवरून मागची बघा. दोन्ही कडा समांतर दिसेपर्यंत घोड्यांखाली पाचर सरकवा. आम्ही लांब पॅटर्न असेच तपासतो. डोळ्याला अर्धा मिलिमीटरही कळतो.

ओल कुठे आहे ते शोधा

या कामाला एक अख्खा दिवस द्या.

आधी डोळ्यांनी बघा. वॉर्निश पारदर्शक असेल तर काम सोपं असतं. जिथे लाकूड काळपट झालंय तिथे पाणी शिरलंय. जिथे पांढुरकी छटा दिसते तिथे काच लाकडापासून सुटली आहे. दोन्ही जागांभोवती पेन्सिलीनं रेघ मारा. अंधार पडल्यावर आत बॅटरी फिरवा आणि बाहेरून कुणालातरी बघायला सांगा. दिवसा न दिसलेले केसाएवढे तडे उजेडाची रेघ होऊन दिसतात.

त्यानंतर वाजवून बघा. फाउंड्रीत ओतलेला नग हातोडीनं वाजवून तडा ओळखतात, तीच रीत. मी पाच रुपयांचं नाणं वापरतो. बोटाच्या चिमटीत सैल धरायचं आणि इंच-इंच सरकत टकटक करत जायचं. चांगल्या जागी आवाज कोरडा आणि टणक येतो. पदर सुटलेल्या जागी तो बसका होतो आणि नाणं हाताला मऊ उसळी देतं. आमच्या वर्कशॉपमधले जुने मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते होडी बघायला आले होते. मी भोकाभोवती वाजवत होतो.

"तिथं काय वाजवतोस? तिथलं दिसतंयच की," ते म्हणाले. "लांबनं ये. चांगल्यातनं वाईटाकडं."

"हितनं काय मामा?"

"होय. आता ऐक. हितं बदललं बघ."

भोकाच्या कडेपासून चांगलं वीतभर लांब ती जागा होती. वर वॉर्निश चकचकीत, तडा नाही, डाग नाही. फांदीच्या दणक्यानं आतले पदर तिथवर सुटले होते. नाण्याची सुरुवात धडधाकट भागापासून करा, कारण कानाला आधी चांगला आवाज ऐकलेला असला तरच वाईट आवाज ओळखता येतो.

शंकेची जागा आरीच्या टोकानं हलकेच टोचा. टोक सहज रुतलं तर तो भाग कापून काढायचा.

सुकवणं

प्लायच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सीचा थर असतो. पाणी तड्यातून आत जातं, पण त्या थरांतून बाहेर येत नाही. त्यामुळे होडी नुसती वाऱ्यावर ठेवून भागत नाही. पेन्सिलीनं आखलेल्या भागावरचं वॉर्निश आणि काच एका बाजूनं, शक्यतो आतल्या, काढावी लागते. हीट गन मंद ठेवून एका जागी न थांबता फिरवा. इपॉक्सी गरम झाली की मऊ पडते आणि पटाशीनं किंवा रुंद पत्रीनं काच पट्टीपट्टीनं सोलून येते. लाकूड तपकिरी व्हायला लागलं तर उष्णता जास्त झाली असं समजा.

चिखलाचं पाणी शिरलं असेल तर आधी स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या. मग सावलीत ठेवा. मेचं ऊन फुकट मिळतंय म्हणून होडी उन्हात टाकायचा मोह होतो, पण उन्हाची बाजू आधी आकसते, ४ मिमीची पट्टी वाकते आणि सुटायला आलेला पदर पूर्ण सुटतो. पडवीत किंवा गोठ्यात ठेवा आणि बंद कप्प्यांच्या तोंडाशी टेबलफॅन लावा. संध्याकाळी आभाळ आलं तर ताडपत्री घाला, पण ती होडीला चिकटू देऊ नका. मधून वारं खेळलं पाहिजे.

सुकली हे कसं कळणार? ओलावा मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर असेल तर १२ टक्क्यांच्या खाली यायची वाट बघा. मीटर नसेल तर वजन करा, आणि खरं सांगायचं तर मला वजनावरच जास्त भरवसा वाटतो. आमच्या भागात रताळ्याची पोती तोलायचा टांगता काटा बहुतेक घरी असतो. तो तुळईला अडकवा, दोन पट्ट्यांत होडी टांगा आणि रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा. रोज थोडं थोडं उतरत जातं, मग एका आकड्यावर थांबतं. सलग दोन-तीन दिवस तोच आकडा आला की लाकूड तयार आहे. मी होडी बांधली तेव्हाचं वजन झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे कुठवर उतरायला हवं हे मला आधीच ठाऊक होतं. तुम्ही नवी होडी बांधत असाल तर हे जरूर करा.

सामान

वजन उतरेपर्यंत सामान गोळा करा.

प्लाय आयएस ७१० (भारतीय मानक) चा घ्या, म्हणजे मरीन ग्रेड. आयएस ३०३ चा प्लाय स्वयंपाकघरातल्या कपाटाला ठीक, होडीला नाही. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. कड बघा. आतल्या पदरांत पोकळ्या नकोत, आणि डिंकाच्या रेषा गडद लालसर-तपकिरी दिसायला हव्यात. फेनॉलच्या डिंकाची ती खूण आहे. मग बोटभर रुंदीचा तुकडा उकळून बघा. ७१० साठी मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. घरी तेवढं शक्य नाही, पण न्हाणीच्या चुलीवर तेलाच्या जुन्या डब्यात पाच-सहा तास उकळला तरी कच्चा माल उघडा पडतो. (अंघोळीच्या पाण्याच्या हंड्यात हा प्रयोग करू नका.) तुकडा बाहेर काढून पदरांच्या मधे सुरी घाला. लाकूड फाटलं पण डिंकाची रेघ सुटली नाही, तर माल चांगला. ४ मिमी प्लाय बेळगावात दर वेळी दुकानात मिळेलच असं नाही. पण ठिगळाला लागतो वीतभर तुकडा, तेव्हा होडी बांधतानाचे उरलेले तुकडे कधीही टाकू नयेत.

रेझिन इपॉक्सीच हवं. पाण्याच्या टाक्या आणि फायबरचे पत्रे करतात ते पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला धरत नाही. काही महिन्यांत त्याची पापडी निघते. कापडाचंही तसंच आहे. फायबरच्या दुकानात बहुधा मॅट पुढे करतात, म्हणजे बारीक तुकडे दाबून केलेली गादी. तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून ती नीट भिजत नाही. विणलेलं काचेचं कापड मागा, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, आणि सांध्यासाठी त्याचीच ७५ मिमी रुंद पट्टी. उद्यमबागेत पॅटर्न आणि साच्यांसाठी इपॉक्सी रोज लागतं, त्यामुळे हा माल शोधायला लांब जावं लागत नाही.

रेझिन घट्ट करायला एरोसिल, म्हणजे सिलिकाची अतिबारीक पावडर, आणि पॉलिश पेपरच्या घासकामातून निघालेला बारीक लाकडी भुसा. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून, साधारण १८ गेजची. साड्यांच्या अस्तराचं साधं पॉलिएस्टर कापड मीटरभर. ते कशाला हे पुढे येईल. नायट्राइलचे हातमोजे आणि धुळीचा मास्क हे सामानातच धरा. इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं की अंग त्याच्याविरुद्ध जातं, आणि एकदा ती ॲलर्जी जडली की आयुष्यभर राहते. हाताला लागलं तर साबण-पाण्यानं धुवा. ॲसिटोननं पुसू नका. त्यानं रेझिन कातडीत आणखी खोल जातं.

मिसळण्याबद्दल एकच सांगतो: अंदाज नको. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. काहींचं वजनात १०० ला १० असतं, काहींचं मापात २ ला १. दागिने तोलायच्या लहान डिजिटल काट्यावर मोजा. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतं हा समज चुलीत घाला. जास्त झालेला हार्डनर नुसताच आत राहतो आणि जोड कायमचा मऊ राहतो. मेच्या उष्म्यात एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवल्याबरोबर पसरट ताटलीत ओता. उभ्या डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर सोडतं आणि दगड होऊन बसतं.

डेकवरचं भोक

चिंध्या झालेला भाग कापून भोकाला स्वच्छ आकार द्या. कोपरे गोल ठेवा. लंबगोल सगळ्यात चांगला. चौकोनी कोपऱ्यातून पुढे तडा जातो.

आता या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, उतार. ठिगळ भोकात नुसतं टेकवून चिकटवलं तर फक्त ४ मिमी कडेला चिकटेल, आणि तेवढ्यानं काही टिकणार नाही. म्हणून भोकाची कड आणि ठिगळाची कड, दोन्ही जाडीच्या आठपट रुंदीत उतरत्या करायच्या. ४ मिमी प्लायला ३२ मिमी, ६ मिमीला ४८. भोकाच्या कडेपासून बाहेर ३२ मिमीवर पेन्सिलीनं दुसरी रेघ मारा. त्या रेघेवर उतार शून्य, भोकाच्या कडेला प्लाय धारेइतका पातळ. आधी लहान रंध्यानं काढा, मग सरळ ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून घासा.

उतार बरोबर आला की नाही हे मोजायची गरज पडत नाही. प्लाय स्वतःच सांगतो. घासताना पदर एकामागून एक उघडे पडतात. एकाचे रेषे उभे, दुसऱ्याचे आडवे, त्यामुळे एक फिका, एक गडद असे पट्टे भोकाभोवती उमटतात, आणि मधे डिंकाची बारीक रेघ. पट्टे सगळीकडे सारख्या रुंदीचे असतील तर उतार सारखा. एखादा पट्टा मधेच अरुंद झाला तर तिथे उतार जास्त खडा झालाय. रेघ नागमोडी जात असेल तर तिथे ठोकळा डुगडुगलाय. मी हे काम हातानंच करतो. ग्राइंडर वेळ वाचवतो खरा, पण ४ मिमीत एका क्षणात आरपार जातो.

ठिगळालाही तसाच उलटा उतार द्या आणि रेषे मूळ डेकच्या दिशेलाच ठेवा. कोरडंच बसवून बघा. थोडं वर राहिलं तर चालतं, नंतर घासता येतं. खाली गेलं तर नवं करा.

आतून टेकू लागतो. वरून हात पोचत नसेल तर प्लायची एक पट्टी चिकटपट्टीनं गुंडाळा, म्हणजे इपॉक्सी तिला धरणार नाही. ती भोकातून तिरकी आत घाला, मधून काढलेल्या तारेनं वर ओढून धरा आणि तार ठिगळाला पाडलेल्या बारीक छिद्रातून बाहेर काढा. वर आडवी काठी ठेवून तिला तार पिळली की ठिगळ वरून-खालून घट्ट धरलं जातं.

चिकटवताना दोन्ही उतारांना आधी नुसतं, न घट्ट केलेलं इपॉक्सी लावा. उतारावर रेषांची तोंडं उघडी असतात, ती पोटभर रेझिन पितात. कोरडी दिसायला लागली की पुन्हा लावा. हे न करता थेट घट्ट मिश्रण लावलं तर लाकूड त्यातलं रेझिन शोषून घेतं आणि जोडात भुकटी उरते. मग एरोसिल घालून श्रीखंडाइतकं दाट केलेलं मिश्रण लावा, ठिगळ बसवा, वर प्लास्टिक आणि त्यावर वाळूची पिशवी ठेवा. कडेनं सगळीकडून थोडं मिश्रण बाहेर आलं की पुरे. सुतारकामात शिरस किंवा फेविकॉल लावल्यावर शिकंजा करकचून आवळायची सवय हाताला असते. इपॉक्सीला तसं करू नये. त्याला पातळ का होईना, थर हवा असतो.

वेळ दुपार उलटल्यावरची निवडा. सकाळी हवा तापत जाते तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. संध्याकाळकडे गारवा आला की तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. वळीवही साधारण त्याच सुमाराला येतो हे खरं आहे, म्हणून हे काम छपराखालीच करा.

उसवलेला सांधा

इथे पॅटर्न मेकरचा हात उपयोगी पडतो. पॅटर्नमध्ये आतला कोपरा कधीच तीक्ष्ण ठेवत नाहीत. तिथे मेण नाहीतर चामडं भरून गोलाई देतात, त्याला फिलेट म्हणतात. तीक्ष्ण कोपऱ्यात ओतीव नगाला तडा जातो, कारण सगळा ताण तिथेच एकवटतो. कयाकच्या आतल्या सांध्यात इपॉक्सीची गोलाई असते ती याच कारणानं.

जुनी काचेची पट्टी आणि तडकलेलं फिलेट दोन्ही टोकांना धडधाकट भाग लागेपर्यंत काढून टाका, आणि त्यापुढेही चार बोटं जा. दोन्ही पट्ट्यांना कडेपासून ८-१० मिमी आत, चार-चार इंचांवर, जोडीजोडीनं बारीक छिद्रं पाडा. तार ओवून बाहेरून पिळा, पण एका टोकापासून पूर्ण आवळत जाऊ नका. सगळे टाके सैल घाला, मग थोडं थोडं आवळत पुढे-मागे फिरा. पिळाच्या पट्ट्यांवरून एकदा पुन्हा नजर टाका. एकदा इपॉक्सी पडली की होडीचा आकार कायमचा ठरला.

टाक्यांच्या मधल्या जागेत घट्ट इपॉक्सीचे ठिपके द्या. ते कडक झाले की तारा काढा. एखादी अडकली तर तिच्या टोकाला सोल्डरिंगची कांडी टेकवा, तापली की सरकते. मग आतून फिलेट भरा. एरोसिल आणि लाकडाचा भुसा घातलेलं मिश्रण सुरीवर धरलं तर ओघळू नये एवढं दाट हवं. साधारण २० मिमी त्रिज्येच्या गोल टोकाची पट्टी कापून घ्या आणि एकाच ओढीत फिरवा. थांबलात की लाट उमटते. दोन्ही कडांना सांडलेलं मिश्रण लगेच पत्रीनं उचला. वाळल्यावर तेच काढायला अर्धा दिवस जातो.

फिलेट ओलं असतानाच काचेची पट्टी वर बसवून ब्रशनं भिजवा. भिजलेली काच पारदर्शक होते. पांढरं कुठे राहिलं तर तिथे हवा आहे. त्यावर अस्तराचं पॉलिएस्टर कापड पसरून हातानं दाबा. जादा रेझिन त्याच्यातून वर येतं, आणि दुसऱ्या दिवशी कापड सोलून काढलं की खाली खडबडीत, स्वच्छ, पुढचा थर धरणारा पृष्ठभाग मिळतो. कापडाला चमक किंवा कसला लेप असेल तर ते सुटणार नाही, म्हणून आधी फालतू तुकड्यावर लावून बघा.

बाहेरच्या अंगाला सांध्याची कड घासून गोल करा, साधारण ६ मिमी त्रिज्येची. काचेचं कापड तीक्ष्ण कडेवरून वळत नाही, उचलून धरतं. बाहेरून एक पट्टी, तिच्यावर थोडी रुंद दुसरी.

तळाचा तडा

दोन्ही कडा जागेवर असतील आणि रेषे तुटून बाहेर आले नसतील तर कापाकापी नको. सुरीच्या टोकानं तड्याला उथळ खाच करा, आतल्या अंगाला चिकटपट्टी लावा, औषधाच्या सिरिंजनं पातळ इपॉक्सी सोडा आणि पातळी उतरेल तसं पुन्हा भरा. कडक झाल्यावर आतून-बाहेरून काचेचं कापड, तड्याच्या सगळ्या बाजूंनी निदान ५० मिमी पुढे जाईल एवढं. तड्याभोवती नाणं बसकं वाजत असेल तर मात्र डेकसारखंच कापून उताराचं ठिगळ बसवायचं. तळावर तडजोड करू नये. मलप्रभेच्या पात्रात पाणी उतरल्यावर दगड वर येतात आणि पहिला घाव तळच घेतो.

धुणं, घासणं, वॉर्निश

इपॉक्सी कडक झाल्यावर तिच्यावर एक मेणचट थर येतो, दमट हवेत जास्तच. हात फिरवला की निसरडा लागतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी पाणी आणि भांड्याच्या हिरव्या घासणीनं धुवा, पुसा, आणि मगच १२० नंबरचा पेपर हातात घ्या. न धुता घासलं तर तो थर खरवडलेल्या रेघांत बसतो आणि वरचं वॉर्निश माशाच्या खवल्यासारखं निघतं. काचेच्या कडा हळूहळू उतरवून सपाट करा, मात्र घासताना कापडाची वीण उघडी पडायला लागली की थांबा. वीण बुजेपर्यंत पातळ इपॉक्सीचे एक-दोन हात द्या. पहिला हात नखाचा ओरखडा उमटेल एवढा मऊ असतानाच दुसरा दिला तर मधे घासावं लागत नाही.

वॉर्निश हे शोभेचं काम समजू नका. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. उघडी राहिली तर पिवळी पडते, मग खडूसारखी भुकटी होते आणि काच उघडी पडते. बाहेरच्या वापराचं, अतिनील किरण अडवणारं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश घ्या आणि पातळ चार हात द्या. जिथे दुरुस्तीचा डाग दिसू नये असं वाटतं तिथे रंग द्यायला हरकत नाही. मी डेक मात्र पारदर्शकच ठेवतो. पुढच्या वेळी लाकूड काळपट झालं तर ते त्याच दिवशी दिसलं पाहिजे.

पाण्यात घालण्यापूर्वी

शेवटच्या इपॉक्सीनंतर आठवडाभर होडीला हात लावू नका. हाताला कडक लागली तरी तिची पूर्ण ताकद यायला तेवढा वेळ जातो. मग घोड्यांवरच सुलटी ठेवून एकेका कप्प्यात दोन-तीन तांबे पाणी ओता, होडी डावी-उजवीकडे कलती करत ते सगळ्या सांध्यांवरून फिरवा आणि खालून कोरड्या टिश्यू पेपरनं पुसत जा. जिथे कागद ओला झाला तिथे खूण करा, सुकवा, पुन्हा भरा.

यातलं काही मिरगाच्या आत संपलं नाही तर अर्धवट काम तसंच कोरड्या जागी झाकून ठेवा. जूनच्या दमट हवेत, भिंतीसुद्धा पाझरत असताना, इपॉक्सी लावू नका. पावसाळ्यात नदीत उतरायचं नाहीच, त्यामुळे काम ऑक्टोबरवर गेलं तरी बिघडत नाही. पुन्हा सुरुवात करताना वजन घ्या, आकडा चढला असेल तर आधी सुकवा.

ठेवायची जागा बदला. झाडाखालची शेड नको, आणि नुसत्या वाशांवर टाकलेला पत्राही नको. पत्र्याला जे-हुक आणि कडेला आडवा अँगल हवा. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, गोठ्याच्या तुळयांना रुंद पट्ट्यांचे दोन झोळ बांधून दिले आहेत. होडी त्यात पालथी टांगली आहे, दोन्ही टोकं खालच्या खुंट्यांना दोरीनं बांधली आहेत, म्हणजे वारं आत शिरलं तरी ती हिसका खात नाही. कप्प्यांची झाकणं काढून वेगळी ठेवली आहेत. झाकण घट्ट बसवून होडी चार महिने ठेवली तर आतली दमट हवा बाहेर पडत नाही आणि आडभिंतीच्या सांध्याला बुरशी धरते. गणपतीच्या सुमाराला एकदा काट्यावर वजन करा आणि नाणं फिरवा.